खोटं म्हणेल त्याची टोपली

कळव्याच्या मिठागरात राघोइतका थापाड्या माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतका सरळही झाला नाही. दिवसभर तो खाली मान घालून मीठ ओढायचा आणि संध्याकाळी बांधावर बसून जगातल्या प्रत्येक गोष्टीला तिखट लावायचा. पण त्याच्या थापेनं कधी कोणाचं दिडकीचं नुकसान झालं नाही. उलट मुकादमानं दमडी जास्त मोजली तर हा परत करून यायचा. अशा माणसाला काय म्हणावं!

थापा मारायला तो शिकला मामाच्या घरी. आईबाप गेल्यावर तिथं वाढला. दुसऱ्याच्या घरचं पोर चुलीपासून लांब बसतं. पण ज्याच्याजवळ गोष्ट असते, त्याला लोक सरकून जागा देतात, हे त्याला फार लवकर कळलं. पुढं लग्न झालं, बायजा घरात आली. पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी शालू तेवढी जगली. त्या पोरीला राघोनं गोष्टींवर वाढवलं म्हणा ना, कारण दुधाची नेहमीच बोंब होती.

मिठागराच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीतून पाणी खाडीकडे धावू लागलं की त्याबरोबर बोईटं येतात, कोळंबी येते. तिथं चौघं जाळी लावून बसायचे. एक राघो. दुसरा काळुराम, वयानं मोठा, स्वतःची होडी असलेला. तिसरा भिवा, त्याला हसू कधी आवरलंच नाही. आणि चौथा विश्राम. विश्राम म्हणजे कवडीचुंबक माणूस. त्याच्या टोपलीतलं बोटभर निवटंसुद्धा शेजारणीला मिळालं असं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

मासे येईतो गोष्टी चालायच्या आणि गोष्टींना एक कायदा होता. कोणी कितीही हाणो, ऐकणाऱ्यानं तोंड सरळ ठेवून "आसंल बाबा" म्हणायचं. ज्याच्या तोंडून "खोटं" निघेल, त्यानं आपली टोपली सांगणाऱ्याच्या पुढ्यात पालथी करायची. भिवा दर अमावास्या-पुनवेला हरायचा. काळुरामही एकदोनदा फसला होता. विश्राम मात्र कधी नाही. मासळी जाईल या धाकानं तो वाटेल ते खरं मानायचा.

त्या साली राघोच्या गोष्टींत एकच मासा होता. घरामागच्या तळ्यात त्यानं बोटाएवढा जिताडा सोडला होता. शालूचं लग्न होऊन ती डोंबिवलीकडे आयरे गावी नांदत होती, आणि तिला दिवस गेल्याचा निरोप आल्यापासून तो जिताडा गोष्टीत वाढू लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. पोर आली की तिला तो खाऊ घालायचा, एवढं एकच राघोच्या डोक्यात होतं.

"काल गल टाकला," राघो सांगायचा. "बोल्लो, बघू तरी केवडा झालाय. तर त्यानं अशी ओढ दिली, दोर गेला उडून पुलावर आन् आगगाडीला गुंडालला. जिताडा हिकडं ओढतोय, गाडी तिकडं. शेवटी गाडी आली ना मागं कलव्याला! साहेब खाली उतरला, टोपी काढली, बोल्ला, राघोशेट, दोर सोडा, बोरीबंदरला उशीर होतोय."

"मंग सोडलास?" काळुराम मिशीत बोलायचा.

"सोडला. पन जिताड्याला इचारून."

भिवा पालथा पडून हसायचा. विश्राम कपाळाला आठी घालून म्हणायचा, "आसंल बाबा."

शिमगा झाला. शालूला सातवा लागला. काळुरामची होडी मागून घेऊन राघो तिला आणायला भरतीबरोबर निघाला. होडीत बायजानं गोधडी अंथरली होती, वर उन्हाला आडोसा म्हणून जुनं लुगडं बांधलं होतं. "सावकाश आना," ती चारदा म्हणाली. घरात तिनं खोबरं खवायला घेतलं होतं.

दिवस कलताना ओहोटी लागली. तिघं उघाडीवर होते. मासळी कधी नव्हे इतकी लागली होती, विश्रामची टोपली तर काठोकाठ. लांबून होडी दिसली. लुगड्याचा आडोसा दिसला. भिवानं हात वर करून हाळी दिली. जवळ आल्यावर आडोशाखाली नुसती गोधडी दिसली, तशीच, न चुरगळलेली.

राघोनं होडी बांधली आणि बांधावर आपल्या जागेवर येऊन बसला. घराची वाट पुढंच होती. पण घरी बायजा होती, आणि तिला सांगितलं की ते खरं होणार होतं. साऱ्या मुलखात त्याच्या बोलण्याला खोटं म्हणता येईल अशी ही एकच जागा होती. म्हणून तो आधी इथं आला.

"शालू रं?" काळुराम म्हणाला.

"आयका," राघो म्हणाला. गोष्ट सुरू करताना तो नेहमी हेच म्हणायचा, म्हणून भिवाच्या ओठांवर हसू आलंसुद्धा.

"आयऱ्याला गेलो. व्याही पान्याशी उभा. बोल्ला, पटकी आलीय गावात. परवा राती पोरीला झाली, काल दुपारपात्तूर संपली. पोटातलं बी. मानूस धाडला होता, पन त्यो बी वाटंत पडला. मी गेलो तवा राख थंड झालेली."

राघो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. जन्मभर त्यानं या तिघांना हरवायला थापा मारल्या. आज त्याला जीव तोडून वाटत होतं, कोणीतरी तो शब्द म्हणावा. काळुरामनं मान खाली घातली होती. भिवाच्या तोंडावरचं हसू तिथंच वाळलं होतं.

"जिताडा हाय तल्यात अजून," राघो म्हणाला. "कोपराएवडा हाय. तेवडाच हाय."

तेव्हा विश्राम उठला. "खोटं," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "साफ खोटं हाय, राघो." आणि भरलेली टोपली त्यानं राघोच्या पायाशी पालथी केली.

"खोटं," काळुराम म्हणाला, आणि त्यानंही ओतली. भिवानं नुसती मान हलवत आपली टोपली ओतली. बोईटं मातीत तडफडू लागली. राघो त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडला.

थोड्या वेळानं काळुरामनं त्याला दंडाला धरून उठवलं. मासे तिथंच राहिले. सुतकाच्या घरी ते शिजणार नव्हते, आणि बाकीच्या तिघांना परत उचलवत नव्हते. चौघं बांधावरून गावाकडे चालू लागले.

बायजा दारात दिवा घेऊन उभी होती. पुढं राघो, मागं हे तिघं. शालू मागून सावकाश येत असेल असं तिला वाटलं. जड अंगाच्या पोरीला वेळ लागायचाच. मग तिला तिघांच्या हातांतल्या रिकाम्या टोपल्या दिसल्या. कायदा तिलाही ठाऊक होता. ती खुदकन हसली.

"अगं बया! इश्रामभावजीसुद्दा?" ती राघोला म्हणाली. "आज येवडी कंची मोठी थाप मारलीत यांना?"