तपासणीची वायर

तपासणीच्या वायरीचं टोक मी नीट पाहिलं नाही. चूक एवढीच.

हिंगण्याच्या ज्या कारखान्यात जुन्या मोठ्या विजेच्या मोटारींच्या कॉइल नव्याने भरून देतात, तिथे मी तपासणीचा इंजिनियर. हजारो व्होल्टच्या मोटारीत तांब्याच्या कॉइलवर अभ्रकाच्या पट्टीचे थर असतात. थरांत कुठे हवेचा बुडबुडा राहिला, की त्यात बारीक ठिणग्या उडतात. दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षं इन्सुलेशन आतून खात बसतात, आणि एक दिवस मोटार जळते. त्या ठिणग्या मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात आलं, तेव्हा मी त्याच्याशेजारी असा उभा राहायचो, जणू मीच ते बनवलंय.

पट्टी गुंडाळायचे एक म्हातारे कारागीर, सगळ्या कारखान्याचे काका. घराणं विणकराचं, हातमाग बंद पडला तसे इकडे आले. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचे, आणि शेवटी धाग्याला मागावरची घरची गाठ मारायचे. उभ्या नोकरीत त्यांची कॉइल कधी परत आली नव्हती.

त्या दिवशी यंत्राने ठिणग्या दाखवल्या, भरपूर. वीज पडल्यावर येतो तसा उग्र वास सुटला होता. काकांनी लांबूनच हुंगलं.

"साहेब, वास तुमच्या तारेपाशी येऊन राहिला. कॉइलपाशी नाही."

"काका, नाकाचा रिपोर्ट गिऱ्हाईक घेत नाही."

सगळे हसले. मलाही माझा विनोद आवडला. रिपोर्टात लिहिलं : गुंडाळणीत पोकळी.

काकांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. "डोयानं कमी दिसते आता. झालं असन," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

आठवड्याने ती कॉइल कापली. आत थरावर थर, सुई शिरायला जागा नाही. तेव्हा कुठे मी माझी वायर हातात घेतली. टोकाशी केसाएवढी एक तार बाहेर आलेली. वायर बदलून बाकीच्या कॉइल तपासल्या, तर यंत्र गप्प. सगळ्या ठिणग्या माझ्याच होत्या.

तडक जाऊन सांगायला हवं होतं. पण सुरुवात कशी करायची, याची मी आरशासमोर तालीम करत बसलो. एका तालमीत तर विनोदही घातला होता. यात दोन महिने गेले.

शेवटी कारखान्यातून निघून तासाभरात सक्करदऱ्याला काकांच्या घरी पोचलो, तर परवाच काकांची तेरवी झाली होती.

काकूंना सगळं सांगितलं. कॉइलचा कापलेला तुकडा गाठीसकट आणला होता, तो दिला. त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"शेवटपर्यंत हात पाहत होते, बाबू. म्हणत, माहे हात गेले."

"काकू, मी येणारच होतो."

त्यांनी वर पाहिलं.

"हिंगण्याहून सक्करदऱ्याले याले दोन महिने लागले तुले? पायी आला काय गा?"