बिनटाक्याचं ऑपरेशन आणि वहिनींचा ढोल

दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "सुनंदा गेली. झोपेतच..." एवढंच म्हणाले. सुनंदावहिनी माझी मोठी जाऊ. आता काही आठवडे उलटलेत, रडूनही झालंय. पण त्यांच्याविषयी लिहायला बसले की त्यांचा तो एक गणेशोत्सवच डोळ्यांपुढे येतो, आणि छाती अजून धडधडते!

शाळेतली नोकरी संपली आणि वहिनी ढोलपथकात शिरल्या. कमरेला ढोल बांधून कॉलेजच्या पोरींच्या बरोबरीनं वाजवायच्या. त्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत पहिली रांग मिळाली, आणि नेमके गणपती तोंडावर असताना त्यांचे डोळे पिवळे झाले. बरगडीखाली कळा, थंडी वाजून ताप. तपासण्यांत कळलं, पित्तनलिकेत खडा अडकलाय. पित्ताशय त्यांचं तरुणपणीच पोट उघडून काढलेलं. तेव्हाचा लांबलचक व्रण, महिनोन्महिने वाकून चालणं त्या विसरल्या नव्हत्या. पुन्हा पोट कापलं की ढोल सुटलाच, असं त्यांनी धरूनच ठेवलं.

"डॉक्टर, फाडायचं ते विसर्जनानंतर फाडा," वहिनींनी बजावलं.

"तोवर थांबलो तर जंतुसंसर्ग रक्तात पसरेल. आणि फाडतंय कोण? तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊ. पित्तनलिका तिथंच उघडते. तिचं तोंड आतूनच जरा रुंद करायचं आणि बारीक फुग्यानं खडा ओढून घ्यायचा. बाहेर एकही टाका नाही."

वहिनी ताठ उठून बसल्या. "मग आपण अजून बोलत का बसलोय?"

स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी संमतीपत्रावर सही केली. बाहेर बाकावर आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो... आणि दार उघडून डॉक्टर हसतच आले, "निघाला!" दादांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

सूज आली नाही. ताप उतरला, डोळे हळूहळू पांढरे झाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून, "थोडाच वेळ" या अटीवर परवानगी दिली. मिरवणुकीत भगवा फेटा बांधून वहिनी आल्या तेव्हा मी दोरीपाशी ओरडत होते, आणि पहिला ठोका पडला! अंगावर शहारा आला माझ्या. वहिनी घामानं निथळत, मान झटकत वाजवत होत्या. थोडा वेळ झाला तशी ढोल बदलीच्या पोरीला दिला आणि मला गाठून म्हणाल्या, "अगं, काय मस्त वाजलं ना! आता पाणी दे, भाषण नको."

त्यानंतरही कितीतरी गणपती त्यांनी वाजवले.

परवा मी दादांकडे गेले होते, तेव्हा नदीकाठी पथकाचा सराव सुरू झाला. या दणदणाटानं दादांचं डोकं उठायचं, ते तावातावानं खिडक्या लावून घ्यायचे. परवा मात्र त्यांनी उठून खिडकी सताड उघडली, बराच वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक ढोल कमी आहे गं."