सोहारचा साक्षीदार

ती घटना आजही मनातून जात नाही. त्यात माझी हुशारी थोडी आणि फजिती भरपूर, म्हणूनही असेल. मस्कतजवळ माबेल्यात लेकीच्या घरी बसून लिहितोय. नातवंडांना वाटतं आजोबांनी दरोडेखोर पकडले. पकडलं काय, ते सांगतो.

पोलिसातल्या नोकरीच्या अखेरीस माझ्याकडे रायगडातल्या एका कोर्टाचा बंदोबस्त होता, शिवाय समन्स-वॉरंटची बजावणी. फाटकावर पिशव्या तपासायच्या, आरोपी आत-बाहेर न्यायचे आणि समन्स घेऊन दारोदार फिरायचं.

जेटीवरच्या मारामारीत एक तरुण खलाशी मेला होता. आरोपी गावातल्या वजनदार घरातला. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच, आणि तो सापडत नव्हता. आमचा हवालदार घरी गेला की त्याची बायको दार अर्धं उघडून सांगायची, "ते गल्फला आहेत. पत्ता ठाऊक नाय." मेलेल्या पोराची आई मात्र प्रत्येक तारखेला यायची. शिपायाने साक्षीदाराच्या नावाचा पुकारा केला की उठून उभी राहायची, व्हरांड्याच्या टोकापर्यंत बघायची आणि बसायची. न्यायाधीशांनी शेवटची संधी दिली होती. साक्षीदार आला नाही, तर आरोपी सुटणार.

त्या तारखेला आरोपीचा चुलता विमानतळावरून थेट कोर्टात आला. बॅगेत टेपने करकचून गुंडाळलेला डबा, आत काहीतरी खुळखुळत होतं. मी आवार रिकामं केलं, वकिलांना काळ्या कोटांसकट उन्हात उभं केलं, बॉम्बशोधक पथक बोलावलं. डब्यातून निघालं ते खजूर, दुधाची पावडर आणि बाम. न्यायाधीश म्हणाले, "बामची एक बाटली मागून घ्या. आज तुम्हाला लागेल."

शरमेने तो डबा मी स्वतःच पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा टेपवर मार्करने लिहिलेलं नाव वाचलं. साक्षीदाराच्या बायकोचं.

चुलत्याला ठाण्यात बसवून चहा दिला.

"पार्सल कुणी दिलं?"

"कामगारांच्या कॅम्पमधल्या पोराने. गावी जाणाऱ्याने पार्सलला नाही म्हणायचं नसतं, साहेब. उद्या आपलं कोण नेईल?"

"कुठला कॅम्प?"

"ओमानातल्या सोहारचा. माझ्याच हाताखाली आहे. व्हिसा मीच काढून दिला." बोलून गेल्यावर तो खुर्चीत सरळ झाला. "गावच्या पोराचं भलं केलं, तो गुन्हा आहे काय?"

धमकी नाही, लाच नाही. सिद्ध काय करणार? कंपनीचं नाव तेवढं लिहून घेतलं आणि त्याला सोडून दिलं.

पत्ता लागल्याचं सांगून सरकारी वकिलांनी एक तारीख वाढवून घेतली. "परदेशातलं समन्स रीतसर मार्गानेच जाईल," असं त्यांनी मला बजावलंही. माझी लेकीकडे यायची रजा आधीच मंजूर होती. समन्सची प्रत खिशात घालून मी मस्कतला उतरलो.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे व्हिजिट व्हिसावर आहात. पोलीस नाही." ऐकेल तो मी कसला! जावयाला गाडी काढायला लावली.

कॅम्पसमोरच्या चहाच्या दुकानात साक्षीदार भेटला. मी ठाण्यातला आवाज लावला, "समन्स आहे. सही कर!"

सगळं दुकान वळून बघू लागलं. त्याचा रूममेट शांतपणे म्हणाला, "काका, इथल्या पोलिसांना बोलावू काय? कोण कोणाला धरून नेतं ते बघू."

जावयाने गाडीची काच वर केली. मी कागद खिशात घातला आणि चहा मागवला.

"साहेब, ती केस खलास झाली ना?" साक्षीदाराने विचारलं. "चाचा म्हणाले, मिटली." चाचा म्हणजे तोच आरोपीचा चुलता.

"मग तुझी बायको पत्ता का देत नाही?"

"चाचांनी तिला सांगितलंय, पोलिसांशी बोललीस तर व्हिसा कॅन्सल होईल."

मी त्याला कोर्टातलं सांगितलं. त्याच्या नावाचा पुकारा, उठून उभी राहणारी ती बाई. त्याने ग्लास खाली ठेवला.

"ती अजून येते?"

"दर तारखेला."

"मी बोललो तर नोकरी गेली, साहेब. घरात चूल पेटत नव्हती तेव्हा चाचांनी मला इथे आणलं. आता त्यांच्या पुतण्याचं नाव मीच घेऊ?"

"मी काही जबरदस्ती करू शकत नाही," म्हटलं, "आत्ताच बघितलंस." तो पहिल्यांदा हसला. मी नंबर देऊन माबेल्याला परत आलो. आठवडा संपायच्या आत त्याचाच फोन. "कुठे यायचं?"

सरकारी वकिलांनी अर्ज केला, व्हिडिओवरून साक्ष घ्यायला कोर्टाने परवानगी दिली. मस्कतला दूतावासातल्या खोलीत त्याने शपथ घेतली. मी बाहेर फुटपाथवर, कारण तिथेही मी कोणी नव्हतो. उलटतपासात आरोपीच्या वकिलाने काय विचारलं, ते सरकारी वकिलांकडून कळलं: "ज्यांचं मीठ खातोस त्यांच्याविरुद्ध बोलतोस?"

तो म्हणाला, "बघितलं ते बोलतोय. मीठ खाल्लं हेही खरं आहे. तेही लिहून घ्या."

आरोपीला शिक्षा झाली. साक्षीदार भीतीने नाहीतर पैशाने फुटतो, असं मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. उपकाराने गप्प बसलेला माणूस मला कधी दिसलाच नव्हता. तो तक्रार करत नाही, कारण त्याचं कुणी वाईट केलेलंच नसतं.

सोहारची नोकरी अर्थात गेली. आता तो ओमानातच, दुक्मला दुसऱ्या कंपनीत असतो. निकाल कळवायला फोन केला, तेव्हा म्हणाला, "चांगलं झालं, साहेब. पण चाचांना तोंड कसं दाखवू?" कंपनी सुट्टी देते, तिकीटही देते. तो अजून गावी गेलेला नाही.