मंगळवारचं अळणी

मंगळवार, २९ एप्रिल २०२५, नळदुर्ग. ऊन ४२ अंश. आठला नळाला पाणी आलं. साडेबाराला महेश्वरी हर्षालीला खांद्यावर टाकून आली. पोर निपचित.

एवढंच लिहून मी उठले होते. बाकीचं आता लिहिते.

महेश्वरी माझ्या भिंतीपलीकडे राहते. नवरा वीरभद्र ट्रकवर असतो, म्हणजे घरात ती, सासू कोंडाबाई आणि चार वर्षांची हर्षाली. हर्षालीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत कफ घट्ट बसतो, खाल्लेलं पचत नाही, घामावाटे अंगातलं मीठ निघून जातं. पोर दीड वर्षाची असताना पुण्याच्या डॉक्टरांनी घाम तपासून हे सांगितलं. तेव्हापासून महेश्वरी रोज पहाटे तिला वाफ देते, मांडीवर पालथं घालून पाठ थोपटते. तो थपथप आवाज आला की मी चहाचं आधण ठेवते. जेवणाआधी पचनाची कॅप्सूल फोडून केळात. उन्हाळ्यात मिठाचं पाणी. पोरगी नुसती शिंकली तरी महेश्वरीचं शिवणयंत्र थांबतं.

मंगळवारी मात्र ती शिवलेल्या पिशव्या द्यायला तुळजापूरला जाते. आज परत आली तर पोर उठेना.

"मावशी, ताप नाही, खोकला वाढला नाही. मग झालं काय हिला?" महेश्वरीनं विचारलं.

मी डायरीची मागची पानं उलटली. २२ एप्रिल: हर्षाली खेळायला आली नाही, पडून होती. १५ एप्रिल: हर्षाली मलूल. दोन्ही मंगळवार.

"मंगळवारी हिला जेवू कोण घालतं?"

"आत्या." सासूला ती आत्याच म्हणते.

कोंडाबाई दारातच उभ्या होत्या. "आमच्या घरचं बी वहीत लिवता व्हय, बाई?"

"लिहिते. आज काय खाऊ घातलं ते सांगा."

"भाकर अन् वरण. अळणी." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुळजापूरच्या आईला पाच मंगळवार बोललेत. म्या बी अळणीच खाते. पापी घेतली की लेकराचं अंग खारट लागतंय. डाक्टरच म्हनला न्हाय का, घामात मीठ लई हाय म्हनून? मंग आनिक मीठ कशापायी?"

"अन् बाटलीतलं मिठाचं पाणी?"

"ते बी खारट. वतून टाकलं."

महेश्वरी माझ्याकडे वळली. "घामात मीठ जास्त, एवढंच मी यांना सांगितलं होतं, मावशी. ते अंगातलंच निघून जातं, भरून द्यावं लागतं, हे सांगायचं राहूनच गेलं."

पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं द्या, पोटात ठरलं नाही तर लगेच दवाखाना गाठा. तीन चमचे गेले, चौथ्याला उलटी झाली. रिक्षा बोलावली. दवाखान्यात शीर सापडेना. तिसऱ्या टोचणीला सापडली. दोन तास महेश्वरी सलाईनच्या थेंबांकडे बघत होती. पोरीच्या पायाला हात लावायची आणि काढून घ्यायची. कोंडाबाई बाकावर बसून एकच पुटपुटत होत्या, "म्याच केलं."

साडेचारला हर्षालीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "सुई काढ की."

महेश्वरी रडली ती तेव्हा.

परत येताना कोंडाबाईंनी विचारलं, "अजून दोन मंगळवार ऱ्हायलेत. नेम मोडला तर देवी कोपंल का गं?"

"मोडायचा कशाला, आत्या? हिच्या वाटचं अळणी तुम्हीच खा," महेश्वरी म्हणाली. आवाजात राग होता, पण हात सासूच्या कोपराला धरलेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उद्या परत दाखवायला सांगितलंय. आता भिंतीपलीकडून थपथप ऐकू येते आहे. मध्ये थांबली की माझाही लिहिता हात थांबतो.

संध्याकाळी सगळ्यांसाठी माझ्याकडेच पिठलं केलं. कोंडाबाईंची वाटी आधी काढली, मग मीठ घातलं.