पोरगी कुणाच्या हवाली करायची

दर जूनमध्ये माझ्याकडे पालक येतात. मी माधवनगरला राहते आणि सांगलीतल्या एका छोट्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे बी.एस्सी.चे निकाल लागले की संध्याकाळी आमच्या दारात चपला वाढतात. प्रश्न एकच असतो. "म्याडम, पोरीला घाटापलीकडं मोठ्या विद्यापीठात घालू, का हितंच बरं?" मी आधी चहा टाकते. उत्तर माहीत असतं म्हणून नव्हे, तेवढाच विचार करायला वेळ मिळतो म्हणून.

मी स्वतः त्या मोठ्या सरकारी विद्यापीठात दोन वर्षं काढली आहेत. नाव लिहीत नाही, नाहीतर या गोष्टीत पुढं येणाऱ्या क्लार्कला उगाच त्रास. तिथलं खरं सांगायचं तर एका उपकरणावर आम्ही सातजण असायचो आणि सातव्याच्या हाती ते येईपर्यंत तास संपायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा मी बारा दिवस वर्गात नव्हते आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. परत गेल्यावर मला कुणी विचारलं नाही म्हणून मी एका खांबाला टेकून रडले होते. पण त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा असं पुस्तक हातात घेतलं जे आमच्या सरांनीही पाहिलेलं नव्हतं, आणि होस्टेलवर माझ्या खोलीत नंदुरबारची मुलगी होती, जिची भाकरी, शिव्या आणि देव सगळंच माझ्यापेक्षा वेगळं होतं. हे दोन्ही मी पालकांना सांगते. ते मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "मग घालू का नगं?"

माझ्या वेळी हा प्रश्न आमच्या घरी जवळजवळ महिनाभर चालला. आमचं गाव इस्लामपूरपासून सात किलोमीटरवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता ऊस बघणारे. मला घाटापलीकडे एम.एस्सी.ला जागा मिळाली होती आणि सांगलीतही. आईचं मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "सांगलीला गेलीस तर रोज रातच्याला माझ्या हातचं जेवशील. तिकडं गेलीस तर सणाला येशील पावन्यागत," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली. इस्लामपूरच्या कॉलेजातल्या आमच्या सरांचं मत उलटं. "इथं मी तुला ओळखतो हे चांगलं आहे," ते म्हणाले, "पण इथं तुला ओळखणारा मी एकटाच आहे." मला दोघांचंही पटायचं, आणि माझा स्वभाव असा की दोन्ही पटलं की मी चिडते. त्या महिन्यात मी घरात सगळ्यांशी भांडले, म्हशीशीसुद्धा.

आप्पा मात्र काही बोलत नव्हते. फौजेतल्या माणसाला जागा बघितल्याशिवाय मत नसतं. शेवटी एकदा म्हणाले, "जाऊन बगू. थितं जबाबदार मानूस दिसला तर तुला त्येच्या हवाली करतो, न्हाईतर तसंच माघारी येऊ."

हवाली करणं ही आमच्याकडची रीत. मला बालवाडीत घातलं तेव्हा आप्पांनी बाईंना, पाचवीला हेडमास्तरांना, अकरावीला इस्लामपूरच्या सरांना समोर उभं राहून सांगितलं होतं, "पोरगी तुमच्या हवाली." आणि प्रत्येक वेळी समोरच्यानं मान डोलावून मला घेतलं होतं. नुसतं बोलून भागत नसे. गुऱ्हाळ सुरू झालं की त्या माणसाच्या घरी दर वर्षी काकवी जायची. गूळ व्हायच्या जरा आधी कढईतून काढून घेतलेला तो दाट पाक सरांना एवढा आवडायचा की ते ऑक्टोबरपासूनच माझ्याकडे जरा जास्त प्रेमानं बघायचे.

तर प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री आम्ही एस.टी.नं निघालो तेव्हा आप्पांच्या मांडीवर पाच लिटरचा काकवीचा कॅन होता. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हाही ते खाली उतरले नाहीत, कॅन कोण सांभाळणार म्हणून. खंडाळा मागं पडल्यावर त्यांनी कॅनचं झाकण एकदा पिरगाळून बघितलं आणि विचारलं, "तिथल्या मोठ्या सरांस्नी साखरेचा आजार तर नसंल?"

मोठे सर नव्हतेच. विभागप्रमुख बाहेरगावी होते, त्यांच्या जागी ज्या बाई होत्या त्या बैठकीत होत्या, आणि बैठक कुठल्या इमारतीत आहे हे शिपायालाही माहीत नव्हतं. इमारती तरी किती. आप्पा पुढं आणि मी कागदांची फाईल घेऊन मागं, असे आम्ही दीड तास हिंडलो. प्रत्येक दारात आप्पा टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "पोरीला हवाली करायची हुती." लोक आमच्याकडे आम्ही मूल दत्तक द्यायला आलोय तसे बघायचे. एका बाईंनी फार गोडपणे सांगितलं, "काका, खिडकी नंबर चार." मला लाज वाटत होती आणि लाज वाटते याचा रागही येत होता.

खिडकी नंबर चारला पन्नासेक मुलांची रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा आप्पांनी आधी कॅन उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आतल्या क्लार्कनं तो बघितला, आप्पांना बघितलं, आणि खुर्ची मागं सरकवली.

"काका, असलं काही आम्ही घेत नाही."

"काय असलं?" आप्पांनी विचारलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या कानशिलाची शीर मी तटतटलेली बघितली. "आवं सायेब, ही काकवी हाय. घरची. आमी काय लाच द्याय आलोय व्हय?"

"ते खाली ठेवा आणि अर्ज द्या."

अर्ज दिला. क्लार्कनं तो वाचता वाचता मध्येच बोट ठेवलं. "ही सही कुणाची?"

"माजी," आप्पा म्हणाले.

"प्रवेश तुम्ही घेताय का?"

रांग हसली. झालं होतं असं की अर्ज आदल्या दिवशी घरी भरला होता आणि जिथं विद्यार्थ्याची सही हवी तिथं आप्पांनी आपली वळणदार, फौजेत घोटलेली सही ठोकून दिली होती. मी बघितलं होतं, पण मला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. माझ्या सगळ्या कागदांवर पहिलीपासून त्यांचीच सही असायची. पालकाची सही कुठं करायची, असं आप्पांनी विचारलं तेव्हा क्लार्क म्हणाला, "या अर्जावर ती लागतच नाही. मुलगी सज्ञान आहे. नवा अर्ज सहा नंबरला मिळेल, भरून आणा. आता जेवणाची सुट्टी. अडीचनंतर चालू, साडेचारला बंद." आणि खिडकी लावून घेतली.

मी खरं ते लिहिते. खिडकी बंद झाली तेव्हा मला मनातून बरं वाटलं. वाटलं, हुकलं तर हुकलं, कुणालाच नको म्हणायची पाळी आपल्यावर येणार नाही.

नवा अर्ज घेऊन आम्ही वडाच्या पारावर बसलो. रांगेतली मुलंही तिथंच डबे उघडून बसली होती. शेजारच्या एका मुलीकडं नुसत्या पोळ्या होत्या. तिची भाजी गाडीत सांडली होती. आप्पांनी कॅनचं झाकण काढलं आणि तिच्या डब्याच्या झाकणात काकवी ओतली. तिनं वास घेऊन विचारलं, "हे औषध आहे का?" तिनं काकवी जन्मात बघितली नव्हती. हीच ती नंदुरबारची. मग आणखी झाकणं पुढं आली, नांदेडचं एक, गडचिरोलीचं एक, आणि थोड्या वेळानं पाठीमागून एक स्टीलची वाटी आली. बघतो तर क्लार्क.

"खिडकीच्या आत चालत नाही, काका," तो म्हणाला. "बाहेर चालेल."

आप्पांनी त्याला दोनदा वाढलं, आणि माझी खात्री आहे, तेवढ्यात त्यांनी त्या विद्यापीठाला माफही केलं.

मुलं पांगली. मी पेन काढलं आणि तसंच हातात धरून बसले. आप्पा म्हणाले, "काल मी सही केल्ती म्हंजी मीच ठरवल्यागत झालं. ते खोटंच हुतं. आता तू ठरीव."

"तुम्हाला इथं हवाली करायला कुणी मिळालं नाही," मी म्हणाले. "मग माघारी जायचं ना? तसं ठरलं होतं."

त्यांनी कॅनच्या तोंडाला चिकटलेली काकवी बोटानं पुसली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर आईलाही सांगितली नव्हती. माझे आजोबा बांधावरून भांडणारे म्हणून पंचक्रोशीत माहीत होते. त्यांनी अर्ध्या गावाला कोर्टाची पायरी दाखवली होती. "शाळंत गेलो की मास्तर म्हणायचं, तू त्येचाच न्हवं का? दुकानात गेलो की त्येच. कुस्ती मारली तरी त्येच," आप्पा म्हणाले. "फौजेत भरती झालो तवा पयल्या दिवशी कुनी इचारलंच न्हाई, कुनाचा तू म्हनून. लय भ्या वाटलं. आन् लय बरं बी वाटलं. म्हटलं, आता जो काय हाय त्यो मीच."

"पण आप्पा, माझं तसं नाही," मी म्हणाले. "मला गावात सगळे तुमची पोरगी म्हणून चांगलंच म्हणतात."

"त्येच म्हंतोय मी. चांगलं नाव बी वझंच असतंय बाई, दुसऱ्यानं मिळिवलेलं असलं की."

मला आयुष्यात आप्पांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता आणि त्यांना सोडून जायचं एवढं दुःखही कधी झालं नव्हतं. दोन्ही एकदमच आलं. मी अर्ज मांडीवर घेतला आणि भरायला लागले. जन्मतारीख, गुण, पत्ता. आप्पा मुद्दाम दुसरीकडं बघत होते, जणू परीक्षेला बसलेल्या पोरीकडं बघितलं तर कॉपी होईल. शेवटी सहीच्या रकान्यावर आले. सहीचं मला कधी काम पडलं नव्हतं, वळणच नव्हतं. म्हणून आपल्याकडं लिहितात तसं पूर्ण नावच लिहिलं, आधी माझं, मग आप्पांचं, मग आडनाव.

त्यांनी चष्मा लावून अर्ज हातात घेतला. खालपर्यंत वाचला. त्या नावावर त्यांचा अंगठा थांबला.

"मदी मी हायच की," ते म्हणाले, आणि अर्ज माझ्या हातात देऊन मला एकटीलाच खिडकीकडं पाठवलं.