पट्टी तोडणारा माणूस

लोखंड तपासण्याच्या प्रयोगशाळेत तो यंत्रावर पट्ट्या ओढून तोडतो. आमच्या कारखान्याचे नमुने घेऊन मी तिथं जातो. पट्टी ताणली जात असताना तो डोळे मिटून कान देतो.

"गरम असताना लाटलेली पट्टी लांबती, बारीक हुती, मग तुटती. सांगून जाती. थंड लाटलेली जोर जास्त सोसती, पर लांबत न्हाय. एकदम जाती."

हात मिळवताना तो माणसालाही जरा ओढून बघतो. मला ते आवडत नाही.

परवा जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या एका बैठकीला नव्यानं लावलेल्या पट्टीचा तुकडा तपासायला आला. पट्टी थंड लाटलेली. तुकडा वाकवताच चिरला.

पाळण्याचा मालक म्हणाला, "जोर जास्त हाय न्हवं, साहेब? करा की सही."

त्यानं केली नाही. सही दुसरीकडून मिळाली आणि पाळणा सुरू झाला.

काल संध्याकाळी मी जत्रेत गेलो, तर त्याच बैठकीत तो एकटा बसलेला दिसला. डोळे मिटलेले, कान पट्टीला टेकवलेला. पाळणा फिरवणारा पोरगा म्हणाला, दुपारपासून उतरलाच नाही.

तो खाली आला तसा मी ओरडलो, "उतरा! पत्रक काढू, पाळणा बंद पाडू!"

"काढा की," डोळे न उघडता तो म्हणाला. "बंद हुईस्तवर हितं दुसरं कुणी बसायचं न्हाय."

पाळण्यानं त्याला पुन्हा वर नेलं.