कातळामागचं पाणी

इंदूअक्का कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी तासभर काठावर नुसत्या बसत. मधूनच एखादी वाळकी काडी पाण्यात टाकत आणि ती कुठे वाहत जाते ते बघत. मी कंटाळले की म्हणत, "पानी काय म्हनस ते आयकू दे. मंग उतरू."

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत अक्का जीवशास्त्र शिकवत, मी भूगोल. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या. माहेर एरंडोलकडचं, पोहायला शिकल्या त्या गिरणेच्या डोहात. वर्गात त्यांची मराठी अगदी पुस्तकी असे. पण माया दाटली किंवा भीती वाटली की अहिराणी बाहेर येई.

सत्तर सालच्या आसपास त्यांच्या मनाने एक घेतलं. नववीच्या मुलींना समुद्रातला जिवंत मासा दाखवायचा. "बरणीतला मासा पांढराफटक असतो," त्या म्हणत. "पोरी त्यालाच मासा समजतात." तसबिरी मढवणाऱ्याकडून काच कापून घेतली, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर तिला चिकटवलं, श्वासासाठी एक जाड रबरी नळी जोडली. तो मुखवटा घालून शाळेच्या हौदात डोकं बुडवून बसलेल्या अक्कांना पाहून शिपाई धावत आला होता.

आता जागा हवी होती. होडी न लागता किनाऱ्यावरून चालत जाता येईल, पाणी कमरेच्या वर जाणार नाही आणि तळ स्वच्छ दिसेल, अशी. माझी मावशी मालवणजवळ राहत असे. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी सहलीला परवानगी दिलेली होती, पालकांचा होकारही आला होता. फक्त जागा ठरायची होती.

पहिल्या दिवशीची जागा गढूळ निघाली. दुसऱ्या दिवशीची लाटांची. तिसऱ्या दिवशी, ओहोटीला, काळ्या कातळाची एक लांब रांग उघडी पडलेली दिसली आणि तिच्या पलीकडे काचेसारखं पाणी. दुसऱ्या सकाळी आम्हांला परतीची एस.टी. धरायची होती. अक्का वाळूवर बसायला लागल्या, तशी मी म्हणाले, "अक्का, आज बसू नका. ओहोटी संपेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि पदर खोचला.

कोरड्या वाळूवरून आम्ही कातळ गाठला. मी मुखवटा लावून पलीकडच्या पाण्यात पालथी झाले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांमधून जात होते. किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला तेव्हा डोकं वर काढलं.

"उठ," अक्का म्हणाल्या. "मांगे देख."

आम्ही चालत आलो ती वाळू दिसत नव्हती. कातळ आणि किनारा यांच्यामधून पाणी वाहत होतं, आडवं, वेगाने. पुढचं पाणी अजून शांत होतं. भरती मागून शिरली होती. वर्गात फळ्यावर चंद्र काढून मी दर वर्षी भरती शिकवत होते.

मी सरळ किनाऱ्याकडे निघाले. दुसऱ्याच पावलाला पाय तळावरून सुटले. अक्कांनी माझी वेणी धरून मला ओढलं. त्यांनी पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. "समोर नही. कातळ धरीसन आडवं चाल. पाय घासत चाल."

कातळाच्या कडेकडेने आम्ही सरकत राहिलो. पाणी छातीशी आलं. माझ्या हातातून मुखवटा गेला. "बोलू नको, श्वास घे," एवढंच अक्का म्हणत राहिल्या. शेवटी ओघाचा जोर जिथे मोडत होता तिथे त्या मला घेऊन पोहल्या आणि वाळू लागली. त्यांच्या तळपायाची चामडी सोलून निघाली होती.

धुळ्याला परतताना मी म्हणाले, "कुणाला सांगायला नको. पोरींना दुसरीकडे नेऊ."

अक्का वाकून तळपायाची पट्टी पुन्हा बांधू लागल्या.

पालकसभेत त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. "मी पाणी नीट पाहिलं नाही. चूक माझी." मी घाई केली होती, हे त्या बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मीही उठले नाही. सहल रद्द झाली. सभा संपल्यावर एका मुलीचे वडील अक्कांजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही खरं सांगं. मन्ही पोर तुम्हना संगे मी कोठे बी धाडसू." पण शाळेने पुन्हा परवानगी दिली नाही. दोन वर्षांनी अक्का निवृत्त होऊन एरंडोलला गेल्या.

पुढे मुख्याध्यापिका बदलल्या. मी नव्या बाईंना त्या दिवसाची हकीकत सांगितली, माझ्या घाईसकट. त्यांनी बराच विचार करून होकार दिला. त्या वेळी मी एका खाडीच्या आत, वाळूचा तळ असलेली जागा शोधली. भरतीला आणि ओहोटीला, चार दिवस, तिथे जाऊन बसले. मग मुलींना नेलं.

परतल्यावर एरंडोलला गेले. अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या, आवाज बारीक झाला होता.

"किती उतरल्या?"

"एकवीस."

"निंघाल्या किती?"

"एकवीस."

मग मी सांगितलं, की पालकसभेत मी उठायला हवं होतं. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

"कोणी घाबरनं का?" त्यांनी विचारलं.

"मी. पूर्ण वेळ."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेतला.

महिन्याभराने त्या गेल्याचं पत्र आलं.